मुरिंगवरच्या शिडाच्या बोटीची बॅटरी वारंवार उतरते: स्विच आणि वायरिंग कसे तपासावे

आमची एकतीस फुटी शिडाची बोट मुंबई बंदरात मुरिंगवर, म्हणजे पाण्यातल्या कायमच्या बोयाला, बांधलेली असते आणि आम्ही तिघे मालक नागपुरात राहतो. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा असला, तरी घराचे कुलूप लावल्यापासून बोटीवर पाय ठेवेपर्यंत पूर्ण दिवस जातो, त्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये तीन-चार आठवडे सहज निघून जातात. गेल्या हंगामात ही प्रतीक्षा तीन वेळा एकाच प्रकारे संपली. बोटीवर चढलो, बॅटरीचा स्विच फिरवला, सेल्फ मारला आणि इंजिनाच्या खोलीतून फक्त ‘टक्’ असा एक आवाज आला. बोटीची देखभाल करणारे तांडेल दर वेळी एवढेच म्हणत, “साहेब, बॅटरी गेली.” पहिल्या वेळी आम्ही ते मानून एक बॅटरी बदलली, दुसऱ्या वेळी दुकानदाराच्या आग्रहावरून दुसरीही बदलली. तिसऱ्या वेळी दोन्ही बॅटऱ्या सहा महिन्यांच्याही नसताना तोच ‘टक्’ ऐकू आला, तेव्हा दोष बॅटरीत नसून तिच्याभोवतीच्या जोडणीत आहे, हे आम्हाला कबूल करावे लागले.

मी वीज उपकेंद्रांच्या देखभालीत तीस वर्षे काढली आहेत. ज्याने ३३ केव्हीची उपकरणे हाताळली त्याला १२ व्होल्टची बोट काय अवघड, असा माझा समज होता आणि तोच आड आला. जास्त व्होल्टेजच्या कामात अर्ध्या व्होल्टची घट कोणी मोजतही नाही, १२ व्होल्टमध्ये मात्र दीड व्होल्ट वाटेत हरवले की इंजिन सुरू होत नाही.

स्विचच्या आत काय असते

जुन्या शिडाच्या बोटींवर बहुधा एकच मोठा गोल स्विच असतो आणि त्यावर ‘१’, ‘बोथ’, ‘२’ आणि ‘ऑफ’ अशा चार जागा असतात. त्याच्या पाठीमागे तीन जाड बोल्ट असतात. एका बोल्टवर पहिल्या बॅटरीची धन केबल, दुसऱ्यावर दुसरीची, आणि तिसऱ्या, म्हणजे सामाईक बोल्टवरून केबल निघून स्टार्टर मोटरकडे (म्हणजे सेल्फकडे) आणि दिव्यांच्या पॅनेलकडे जाते. स्विच ‘१’ वर असेल तर बोटीवरचा सगळा भार पहिल्या बॅटरीवर पडतो, ‘२’ वर दुसऱ्या बॅटरीवर पडतो, आणि ‘बोथ’ वर दोन्ही बॅटऱ्या समांतर जोडल्या जातात. येथवर कोणाचीच चूक होत नाही. चूक होते ती अल्टरनेटरच्या, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या, बाबतीत, कारण त्याची चार्जिंगची वायर बहुतेक जुन्या बोटींवर स्टार्टरच्या बोल्टला जोडलेली असते, म्हणजेच तीही याच सामाईक बोल्टवर येते. याचा अर्थ असा की स्विच ज्या बॅटरीवर ठेवला असेल तीच चार्ज होते आणि दुसरी इंजिन दिवसभर चालले तरी तशीच राहते.

याच रचनेमुळे इंजिन चालू असताना स्विच ‘ऑफ’ वर किंवा ‘ऑफ’ मधून कधीही फिरवू नये. डिझेल इंजिन विजेशिवाय चालत राहते, अल्टरनेटर वीज तयार करत राहतो, पण ती घ्यायला बॅटरी नसल्याने व्होल्टेज क्षणात उसळते आणि अल्टरनेटरचे डायोड जळतात. ‘१’ वरून ‘बोथ’ आणि तेथून ‘२’ असे फिरवताना चांगल्या स्विचमध्ये पुढचा संपर्क आधी जुळतो आणि मगच मागचा सुटतो, म्हणून त्या बाजूने इंजिन चालू असतानाही फिरवता येते. काही स्विचमध्ये ‘ऑफ’ होण्याआधी अल्टरनेटरचे फील्ड तोडणारी दोन बारीक टर्मिनल्स असतात, पण मी पाहिलेल्या बोटींवर ती रिकामीच होती, तेव्हा त्यांच्या भरवशावर राहू नये.

हे सगळे मला पुस्तकी स्वरूपात ठाऊक होते, तरी खरे उमगले ते घरी. मे महिन्यात बोट पावसाळ्यासाठी काठावर ओढल्यावर मी तो स्विच काढून नागपूरला आणला आणि वाळ्याच्या ताट्यांच्या कूलरसमोर, जेवणाच्या टेबलावर, दोन मोटारसायकलच्या बॅटऱ्या आणि २१ वॅटचा एक इंडिकेटरचा बल्ब यांच्यासह मांडला. एक बॅटरी मुद्दाम उतरवून ठेवली होती. स्विच ‘१’ वर असताना बल्ब लख्ख होता. ‘बोथ’ वर नेताच तो किंचित मंदावला, आणि रात्रभर तसेच ठेवून सकाळी पाहिले तेव्हा दोन्ही बॅटऱ्या सारख्याच निकामी झाल्या होत्या. भरलेली बॅटरी उतरलेल्या बॅटरीला सावरेल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात उतरलेली बॅटरीच भरलेलीला खाली ओढते. इंजिन बंद असताना ‘बोथ’ ही जागा अडचणीच्या वेळी काही मिनिटांपुरती आहे, आणि आम्ही मात्र “दोन्ही चार्ज होतील” म्हणून प्रवासभर स्विच तेथेच ठेवत होतो.

नांगरावरचा हिशेब

आमचा नेहमीचा बेत असा असतो की मुंबईहून निघून मुरुडच्या पलीकडे राजपुरीच्या खाडीत नांगर टाकायचा आणि दोन रात्री काढायच्या. बोटीवरचा लहान फ्रीज चालू असताना सुमारे साडेचार अँपिअर घेतो आणि निम्मा वेळ चालतो असे धरले, तर छत्तीस तासांत तो एकटाच ८१ अँपिअर-तास खातो. डोलकाठीवरचा नांगराचा दिवा जुना, १० वॅटचा बल्ब असलेला होता. बारा तासांच्या एका रात्रीत त्याचे १० अँपिअर-तास जातात. आतले दिवे, पंखा आणि उपकरणे धरली की एकूण आकडा १२० च्या आसपास येतो. आमच्या बॅटऱ्या प्रत्येकी १०० अँपिअर-तासांच्या, म्हणजे ‘बोथ’ वर दोन्हींमध्ये मिळून जेमतेम ८० शिल्लक राहत. परतीच्या वाटेवर वारा चांगला मिळाला की आम्ही खुशीत शिडावर येत असू आणि इंजिन शेवटचा एक तास चालवत असू. त्या एका तासात फार तर पंचवीस अँपिअर-तास परत भरत. अशा अर्धवट भरलेल्या बॅटऱ्या ‘ऑफ’ करून आम्ही नागपूरची वाट धरत होतो.

शिसे-आम्लाच्या बॅटरीची स्थिती पाहायची असेल तर चार्जिंग आणि भार दोन्ही बंद करून काही तास थांबावे आणि मग टर्मिनलवर मोजावे. १२.७ व्होल्टच्या आसपास असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी, आणि ११.९ च्या खाली जवळजवळ रिकामी. इंजिन बंद केल्याबरोबर दिसणारे १३ व्होल्ट निरर्थक असतात. अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवलेली आणि तशीच उन्हात ठेवलेली बॅटरी लवकर संपते, हे ज्यांच्या घरी इन्व्हर्टर आहे अशा नागपूरकरांना वेगळे सांगायला नको.

बंद बोटीत करंट कुठे जातो

स्विच ‘ऑफ’ असतानाही दुसरी बॅटरी उतरत होती, म्हणून पुढची पायरी होती ती स्विचला वळसा घालून जाणाऱ्या वायरी शोधण्याची. यासाठी स्विच ‘ऑफ’ करावा, बॅटरीची ऋण केबल काढावी आणि मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून ती केबल आणि ऋण टर्मिनल यांच्यामध्ये जोडावा. साध्या मल्टिमीटरची मर्यादा १० अँपिअर असते, तेव्हा या अवस्थेत कोणीही सेल्फला हात लावू नये; माझ्या मित्राने लावला आणि मीटरचा फ्यूज उडाला. हातातले कडे आणि अंगठी आधी काढून ठेवावी, आणि बॅटरीचे खोके काही वेळ उघडे ठेवून चार्जिंगचा हायड्रोजन निघून जाऊ द्यावा.

आमच्या पहिल्या बॅटरीवर मीटरने शून्य दाखवले, दुसरीवर ०.१८ अँपिअर. आकडा किरकोळ वाटतो, पण तो दिवसाला ४.३ अँपिअर-तास होतो, आणि निम्मी भरलेली १०० ची बॅटरी बारा दिवसांत तळाला जाते. आम्ही परतत होतो ते एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. त्या टर्मिनलवर मुख्य केबलखेरीज तीन बारीक वायरी होत्या. एक बिल्ज पंपाच्या (बोटीच्या तळातले पाणी उपसणाऱ्या पंपाच्या) फ्लोटची, एक गॅस डिटेक्टरची आणि एक लाल-काळी जोडी, जी कोणालाच आठवत नव्हती. एकेक सोडवत गेलो तेव्हा कळले की ती जोडी स्टीरिओची आहे. आधीच्या मालकाने घड्याळ आणि स्टेशने लक्षात राहावीत म्हणून ती थेट बॅटरीवर घेतली होती, तीही फ्यूजशिवाय. ०.१८ पैकी बहुतेक करंट त्या स्टीरिओचा आणि उरलेला गॅस डिटेक्टरचा होता. डिटेक्टर माणसे बोटीवर असतानाच लागतो, म्हणून तोही पॅनेलवर नेला.

बिल्ज पंप मात्र थेट बॅटरीवरच असावा, कारण तळात पाणी शिरते ते बोटीवर कोणी नसताना. त्याला स्वतंत्र फ्यूज हवा, एवढेच. पंप वारंवार चालत असेल आणि त्यामुळे बॅटरी उतरत असेल, तर वायरिंगमध्ये डोके घालण्याआधी बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) दांड्याजवळचे पॅकिंग आणि तळातले व्हॉल्व्ह तपासावेत. अशा वेळी बॅटरीची तक्रार हे लक्षण असते आणि रोग गळतीचा असतो.

बॅटरी भरलेली, तरी सेल्फ घेत नाही

पहिली बॅटरी काठावरच्या चार्जरवर पूर्ण भरली, विश्रांतीनंतर १२.७ मोजली आणि तरीही इंजिन रडतखडत फिरले. घराजवळच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनला मी फोनवर मीटरचे सगळे आकडे वाचून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, “काका, मीटर काय पाहून राहिले, बल्ब लावून पाहा ना.” त्याच्या म्हणण्यात तथ्य होते. मल्टिमीटर नगण्य करंट घेतो, म्हणून एका तारेवर लोंबकळणाऱ्या वायरीवरही तो ठणठणीत १२.६ व्होल्ट दाखवतो. त्याच वायरीवर बल्ब लावला की खरे रूप दिसते. सेल्फच्या जाड केबलसाठी हेडलाइटचा बल्बसुद्धा पुरत नाही, तेथे भार म्हणून खुद्द सेल्फच वापरावा लागतो.

ही चाचणी दोन माणसांची आहे. इंजिनाचा स्टॉप लिव्हर ओढून धरावा, म्हणजे ते सुरू होणार नाही, समुद्राच्या पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करावा आणि एकाने पाच सेकंदच सेल्फ मारावा. तेवढ्या वेळात दुसऱ्याने मीटर व्होल्टवर ठेवून आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर आणि नंतर स्टार्टरच्या बोल्टवर व त्याच्या धातूच्या अंगावर मोजावे. आमच्याकडे बॅटरीवर ११.३ आणि स्टार्टरवर ९ व्होल्ट आले, म्हणजे वाटेत २.३ व्होल्ट गळत होते. मग एक काटा बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरा स्टार्टरच्या बोल्टवर ठेवून सेल्फ मारला: ०.४. एक काटा ऋण टर्मिनलवर आणि दुसरा इंजिनाच्या उघड्या लोखंडावर: १.९. एका चांगल्या जोडावर ०.१ व्होल्टपेक्षा जास्त घट दिसू नये, पूर्ण केबलवर फार तर अर्धा व्होल्ट. आम्ही स्विच आणि धन केबलींकडे पाहत राहिलो होतो आणि चोर ऋण बाजूला होता.

ती केबल इंजिनाच्या मागच्या पायाजवळ एका बोल्टखाली दाबलेली होती. बोल्ट घट्ट होता, वरून थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत दिसत होते. पाना लावून काढले तेव्हा थिंबलखाली इंजिनाचा रंग आणि गंज यांचा पापुद्रा निघाला. थिंबलच्या मानेजवळ केबल हाताला मऊ लागली, म्हणून चाकूने इन्सुलेशन उभे चिरले. आत लालसर तांब्याऐवजी काळी-हिरवी पूड होती आणि निम्म्या तारा बोटाने चोळताच तुटल्या. खारे पाणी थिंबलच्या उघड्या तोंडातून तारांमधल्या फटींत ओढले जाते आणि वीतभर आतपर्यंत चढते. काळी पडलेली लांबी कापून टाकून उरलेल्या केबलला नवे थिंबल लावण्याचा मोह आवरला आणि पूर्ण केबल बदलली.

बदललेली जोडणी

नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात घरगुती तांब्याची वायर हवी तेवढी मिळते आणि ती बोटीवर वापरू नये. एकच जाड तार असलेली वायर कंपनांनी तुटते, आणि बारीक तारांची साधी वायरही कथिलाचा मुलामा नसल्यामुळे वर सांगितल्यासारखी काळी पडते. टिन्ड कॉपरची केबल महाग आहे, पण ती एकदाच घ्यावी लागते. थिंबल योग्य मापाच्या क्रिम्पिंग साधनाने दाबावे आणि त्यावर आतून गोंद सुटणारी, गरम केल्यावर आक्रसणारी नळी चढवावी. नुसत्या सोल्डरवर जोड सोडू नये. तो तापला की सुटतो आणि सोल्डर जेथे संपते तेथे तारा कडक होऊन तुटतात.

वायरीची जाडी ठरवताना जाण्याची आणि परतीची दोन्ही लांबी धरावी लागते, जे घराच्या वायरिंगची सवय असलेला माणूस हमखास विसरतो. उदाहरणार्थ, १० अँपिअरचा भार पॅनेलपासून ६ मीटरवर असेल तर तांब्याची एकूण लांबी १२ मीटर होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत तेवढ्यात ०.८३ व्होल्ट, म्हणजे जवळपास सात टक्के घट येते. ६ चौरस मिलिमीटर घेतली की ती तीन टक्क्यांच्या आत बसते. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे ई-११ हे मानक दिशादर्शक दिवे, रेडिओ, बिल्ज पंप यांसारख्या महत्त्वाच्या भारांसाठी तीन टक्के आणि इतरांसाठी दहा टक्के घट मान्य करते. त्याच मानकानुसार बॅटरीतून निघणाऱ्या वायरीचा फ्यूज टर्मिनलपासून ७ इंचांच्या, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटरच्या आत असावा. संरक्षक नळीतून नेलेल्या वायरीला यापेक्षा जास्त अंतराची सवलत आहे आणि सेल्फची केबल या नियमातून वगळली आहे.

रंगांबाबत एक इशारा आमच्यासारख्या जमिनीवरच्या वीजवाल्यांसाठी. आपल्याकडे तीन फेजचे लाल, पिवळा, निळा हे रंग डोक्यात पक्के बसलेले असतात आणि पिवळी वायर दिसली की हात आपोआप मागे येतो. ई-११ मात्र १२ व्होल्टच्या ऋण वायरीसाठी पिवळा रंग पसंत करते आणि काळाही चालतो असे म्हणते. आमच्या बोटीवर दोन्ही रंग होते आणि एका जागी आधीच्या कोणीतरी पिवळी वायर धन समजून वापरली होती. रंगावर विश्वास न ठेवता प्रत्येक वायरीची दोन टोके मीटरने जुळवावीत आणि दोन्हीकडे क्रमांकाची पट्टी लावावी. आमच्या नकाशात असे सत्तेचाळीस क्रमांक झाले. तो काढायला दोन दिवस लागले, पण आता नागपुरात बसून तांडेलांना फोनवर “एकोणीस नंबर सोडा” असे सांगता येते.

जुना गोल स्विच आम्ही परत बसवला नाही. त्याच्या जागी तीन साधे चालू-बंद स्विच आले: एक फक्त इंजिनाच्या बॅटरीचा, एक घरगुती भाराच्या (फ्रीज, दिवे, पंखा यांच्या) बॅटरीचा, आणि तिसरा, लाल झाकणाखालचा, अडचणीत दोन्ही जोडण्यासाठी. अल्टरनेटरची वायर फ्यूजमधून थेट घरगुती बॅटरीवर नेली, त्यामुळे कोणताही स्विच चुकीच्या वेळी बंद केला तरी डायोड जळत नाहीत. दोन्ही बॅटऱ्यांमध्ये व्होल्टेज पाहून चालणारा रिले बसवला. चार्जिंगने व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आले की तोडतो, म्हणजे नांगरावर फ्रीज कितीही चालला तरी इंजिनाची बॅटरी अबाधित राहते. दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवणारा जुन्या पद्धतीचा डायोडचा आयसोलेटर मी टाळला, कारण सिलिकॉन डायोड ०.६ ते ०.७ व्होल्ट स्वतःच खातो आणि तेवढ्याने बॅटरी कायम थोडी उपाशी राहते. नांगराचा दिवा एलईडीचा केला. केबिनच्या छतावर ५० वॅटचे सौर पॅनेल कंट्रोलरसह लावले. चार तासांचे चांगले ऊन मिळाले तर ते दिवसाला १५ अँपिअर-तासांच्या आसपास देते. बोट मुरिंगवर रिकामी असताना तेवढे पुरते.

ज्यांना गोल स्विचच ठेवायचा आहे त्यांनी इंजिन सुरू करून चार्जिंग होईपर्यंत तो हवा तर ‘बोथ’ वर ठेवावा, पण नांगर टाकून इंजिन बंद करताच तो घरगुती बॅटरीवर न्यावा. सकाळी इंजिन सुरू करताना आधी एकट्या भरलेल्या बॅटरीवर प्रयत्न करावा आणि तो फसला तरच ‘बोथ’ कडे वळावे.

पावसाळ्यानंतर बोट पुन्हा पाण्यात गेली. पहिल्या फेरीनंतर सव्वीस दिवसांनी तांडेलांनी फोनवर आकडे वाचले: इंजिनाची बॅटरी १२.७, घरगुती १२.६. सेल्फ एका दमात लागला. स्टीरिओचे घड्याळ मात्र आता दर वेळी बारावर अडकलेले सापडते, आणि आमच्यातला एक मालक प्रत्येक फेरीत गाण्यांची स्टेशने नव्याने शोधताना माझ्या नावाने खडे फोडतो.